तिसरा आग्रह

तूरानखानम नाही म्हणाली आणि ते खरं धरलं गेलं.

झालं होतं ते एवढंच. कुणी आवाज चढवला नव्हता, कुणी उठून गेलं नव्हतं. तेहरानबाहेर जुन्या करज रस्त्यावर त्यांचा समोवारचा कारखाना होता; समोवार म्हणजे चहाचं पाणी उकळायचं तोटीचं भांडं; तिथं वरच्या मजल्यावर, वडिलांच्या वेळच्या लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. रादमन नावाचा नवा सल्लागार, कॅनडात शिकून आलेला, भिंतीवर रंगीत कागद चिकटवत उभा होता. मध्येच वळून त्यानं विचारलं, "आणि खानम, नव्या व्यवस्थेत गिऱ्हाइकांचं टेबल तुम्हीच सांभाळणार का?" ती म्हणाली, "छे हो, मी आता कशाला? म्हातारी झाले. तरुण मुलींना द्या की." म्हणताना तिनं मान जराशी कलती केली, उजवा हात छातीवर ठेवला, जसा ठेवायचा असतो तसा, आणि ती थांबली. आता अताउल्ला, तिचा भाऊ, म्हणेल, "हे काय भलतंच, तूरान!" मग त्याचा मुलगा कामयार आत्याला म्हणेल, "अम्मेजान, तुमच्याशिवाय कसं व्हायचं?" मग ती पुन्हा नको म्हणेल, मग पुन्हा सगळे गलका करतील, आणि शेवटी ती एक सुस्कारा सोडून म्हणेल, "बरं बाबा, तुम्ही एवढं म्हणताय तर." हे सगळं तिच्या कानात आधीच वाजून गेलं होतं. रादमन म्हणाला, "तुमच्या निर्णयाचा आम्हाला आदर आहे," आणि पुढच्या कागदाकडे वळला. पुढच्या कागदावर पत्र्याची जाडी होती.

तिचा हात छातीवरच राहिला. चहाचं तबक समोर यावं, आपण रीतीप्रमाणे नको म्हणावं, आणि तबक खरोखरच शेजारच्याकडे निघून जावं, तसं झालं. तिनं भावाकडे पाहिलं. अताउल्ला कानातलं यंत्र काढून रुमालानं पुसत होता. हे यंत्र तो नेहमी ऐकू यायला नको असेल तेव्हाच पुसायचा. कामयार समोरच्या कागदी पेल्यात बघत होता. पेल्यात दोऱ्याला बांधलेली चहाची पुडी तरंगत होती. समोवारच्या कारखान्यात पुडीचा चहा! खालच्या मजल्यावर कामगार चहासाठी उठतात, त्यात वेळ जातो, असं रादमननं काढलं होतं; आणि वडिलांच्या काळापासून दिवसभर गुणगुणणारा तो मोठा समोवार दाराजवळच्या काचेच्या कपाटात गेला होता, पाहुण्यांना दाखवायला. त्या दिवशी मेलेल्या पुडीचा दोरा पेल्याबाहेर लोंबताना पाहून तिला फक्त किळस आली होती. आता तसाच एक दोरा धरून आपल्यालाही कुणीतरी पेल्याबाहेर काढून ठेवलं, असं तिला वाटलं.

परतताना तिनं टॅक्सी केली. सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती आणि बाहेरचं काहीही तिला दिसत नव्हतं. घराशी उतरताना तिनं पर्स उघडली, तेव्हा ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "राहू द्या हो खानम, तुमच्यापुढे पैशाचं काय!" रोज कुठला ना कुठला ड्रायव्हर हेच म्हणतो, आणि रोज आपण दोनदा-तीनदा घ्या घ्या म्हणून पैसे देतो. ती म्हणाली, "असं म्हणता? बरं." आणि पर्स मिटून खाली उतरली. ड्रायव्हरच्या मिशीखालचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे कावरेबावरे झाले. ती फाटकापर्यंत गेली तेव्हा तो धडपडत बाहेर आला.

"खानम! अहो खानम! मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं!"

"मीसुद्धा म्हणायचं म्हणूनच म्हटलं होतं," ती म्हणाली.

"काय म्हटलं होतं?"

"नाही म्हटलं होतं."

त्यानं तिच्याकडे, मग तिच्या फाटकाकडे, मग आभाळाकडे पाहिलं. "खानम, देवाशपथ, मला काही कळलं नाही. पण घरी पोरं आहेत हो." तिनं पैसे दिले, वर थोडे जास्तच दिले, आणि तोंडभर "माफ करा" म्हटलं. पण त्याचा तो चेहरा ती घरात घेऊन आली. बैठकीत तिचा स्वतःचा चेहरा कसा दिसला असेल ते तिला आता ठाऊक झालं होतं, आणि ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

त्या चेहऱ्यामागे तिला एक जुनी दुपार दिसे. ती लहान होती, शाळेत जायच्या आधीची. आईबरोबर कुणाकडे तरी गेली होती. गालिचावर गज नावाची पांढरीशुभ्र मिठाई ठेवलेली, पिस्ते भरलेली, वर पिठाची भुकटी. यजमानीण म्हणाली, "घे ना गं," आणि तिनं घेतलं. आईनं हसतमुखानं, बोलणं न थांबवता, तिच्या दंडाला असा चिमटा काढला की गजचा घास तोंडातच कडू झाला. घरी आल्यावर आई म्हणाली, "पहिल्यांदा विचारतात ते तोंड विचारतं. दुसऱ्यांदा विचारतात ते घर विचारतं. तिसऱ्यांदा विचारलं तर माणूस विचारतोय असं समजावं आणि घ्यावं." ह्या शहरातल्या प्रत्येक लेकराच्या दंडावर तो चिमटा आहे. रादमनच्याही असणारच. तो काही आभाळातून पडला नव्हता. तेहरानातच, नारमक भागात वाढलेला. त्याच्याही आईनं त्याला कुणाच्या तरी गालिचावर चिमटा काढलाच असेल. म्हणजे त्याला समजलं नाही असं नव्हतंच. त्याला सगळं समजलं होतं. सगळ्यांनाच समजलं होतं. परदेशात जाऊन हा माणूस एवढंच शिकून आला होता, की पहिला नकार ऐकायचा आणि कागद उलटायचा. त्यासाठी इतक्या लांब, बर्फात जायची काय गरज होती?

काही दिवसांनी कामयार आला. हातात ग्लॅडिओलसच्या फुलांची भलीमोठी टोपली, वर रेशमी फीत. मागून ड्रायव्हरनं एक खोकं आणून ठेवलं. "अम्मेजान, आपलं नवं मॉडेल. तुमच्याच नावावर नोंदवलंय, हमीपत्रासकट." तो दारातच उभा होता, गाडीचं इंजिन खाली चालूच होतं. तिनं "ये, बस, चहा घे" म्हटलं. तो नको म्हणाला. ती पुन्हा म्हणाली. तो घड्याळाकडे बघून पुन्हा नको म्हणाला, आणि तिनं तिसऱ्यांदा विचारलंच नाही. तिला त्यात थोडं समाधान वाटलं, हलकं, क्षुद्र समाधान, आणि लगेच त्याची लाजही वाटली. मग तो बुटाचं टोक उंबऱ्याला घासत म्हणाला, "तुम्हाला आता दगदग नकोच, नाही का? म्हणजे... तुम्हाला यावंसं वाटत असलं तर बघा."

"नाही रे राजा," ती म्हणाली. "मला कशाला आता ती धावपळ?"

त्याचे खांदे खाली आले. तिनं पाहिलं, खांदे सुटल्यासारखे खाली आले. लहानपणी हाच पोरगा तिच्याकडे आला की पिस्त्यांच्या वाडग्यावर नजर खिळवून नको नको म्हणायचा, आणि ती त्याला चार-चारदा विचारायची, कारण तिसऱ्यांदाही त्याचा धीर व्हायचा नाही. शेवटी मूठ भरून त्याच्या खिशातच घालायची. ते पिस्ते खाऊन वाढलेले खांदे ते. तो गेला. जिन्यावरून त्याची पावलं भराभर उतरली. दुसऱ्यांदाही विचारून झालं होतं. आता एकदाच राहिलं होतं.

आणि मग ती वाट बघू लागली. सगळ्या शहराला, भावाला, भाच्याला, त्या रंगीत कागदवाल्याला जी बाई तुच्छ मानत होती, तिनं फोनच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून घेतली. भाजीवाल्याकडे जाताना ती भरभर जाई, भरभर येई, आणि किल्ली कुलपात फिरवताना आत घंटी वाजतेय का म्हणून कान देई. ते तिचं तिलाच कळे. आरशातल्या बाईकडे ती तसंच बघे जसं कारखान्यात रडत आलेल्या गावोगावच्या विक्री एजंटांकडे बघायची: काय हवंय ते तोंडानं सांगता येत नाही, आणि पाय तर दारातून हलत नाही!

पण एजंट तोंडानं सांगत नसत, म्हणूनच तर तिचं ते टेबल होतं. त्या खोलीत, खिडकीशेजारी, काळ्या फोनपाशी बसून आयुष्य गेलं आणि 'तक्रार' हा शब्द तिनं क्वचितच ऐकला. कोण करणार तक्रार? याज्दचा हाजी मोईन फोन करायचा. आधी आईची तब्येत, मग भावाची, मग हवा. मग म्हणायचा, "खानम, तुमच्या समोवारचा चहा म्हणजे स्वर्ग! बनवणाऱ्यांचे हात कधी दुखू नयेत. आमच्याकडे हल्ली सगळे सरबतच पितात, ती गोष्ट वेगळी." ती फोन ठेवायची आणि खाली जाऊन म्हणायची, याज्दला गेलेल्या मालाच्या तळाच्या जोडाला झाळ नीट बसलेली नाही, पाण्याला वास येतोय, दुसरा माल पाठवा. केरमानची एक विधवा बाई पाऊण तास तिच्या मुलीच्या लग्नाचं वर्णन करत होती, आणि एवढ्या वेळात समोवार एकदाही त्या लग्नात आला नाही; म्हणजे ऐन लग्नात तो बंद पडला होता. वडील म्हणायचे, "ज्याला समोवार आवडलाय तो आपल्याशी भांडतो. चिमणीची टोपी घट्ट बसते, कडी हाताला लागते, काय वाट्टेल ते काढून भांडतो. जो आशीर्वाद देतो, तो गेला समज." हाजी मोईन आशीर्वाद द्यायचा, आणि त्या आशीर्वादात काय कमी-जास्त आहे ते ऐकण्यासाठी कान लागायचा. तो कान कुणी पगार देऊन आणू शकत नाही, असं तिला वाटायचं. तसं वाटण्यात अहंकार होता. असू दे. ह्या वयात बाईकडे आणखी असतं काय?

रादमननं आल्या आल्या तिच्या फोनला एक यंत्र लावलं. किती वेळ बोललात ते मोजायचं. मग बैठकीत एक तांबडी रेघ दाखवली, आकाशाला गेलेली. ती तूरानखानम होती. "खानम, गिऱ्हाइकाच्या आईच्या तब्येतीत आपला बराच वेळ जातो," तो हसत म्हणाला, आणि सगळे हसले. तीही हसली. हसताना तिला त्याचे बूट दिसले. टोकदार, बदामी रंगाचे, मोजे न घालता चढवलेले. कारखान्यात येताना ज्याला मोजे घालावेसे वाटत नाहीत, तो माणूस उकळत्या पाण्याची वस्तू विकणार! मग त्यानं बाहेरच्या कुठल्याशा कंपनीच्या मुली लावल्या. त्या मुली सकाळी शांपूसाठी फोन करत, दुपारी विम्यासाठी, आणि मधल्या वेळात समोवारसाठी. गिऱ्हाइकाला विचारत, एक ते पाचात किती समाधानी? आणि इस्फहानपासून अहवाझपर्यंत जो तो म्हणे, पाच, बाळ, पाच, तुमची सावली आमच्यावर राहो. दुसरं काय म्हणणार? परक्याच्या लेकीनं आपुलकीनं विचारलं, तर कुठल्या घरंदाज माणसाच्या तोंडून 'दोन' निघेल? भिंतीवर हिरव्यागार कागदांचं कुरण पसरलं. पुढच्याच महिन्यात याज्दची मागणी बंद झाली. कुरण हिरवंच होतं. "सगळेच खूश आहेत तर माल परत कोण पाठवतंय?" तिनं एकदा विचारलं, आणि रादमन म्हणाला, "माल परत येणं हा वेगळा तक्ता आहे, खानम."

वेगळा तक्ता! असा माणूस घरी जेवताना भात एका खोलीत आणि कालवण दुसऱ्या खोलीत खात असेल.

तरी त्याची सगळीच गोष्ट खोटी होती असं म्हणता येत नव्हतं, आणि चीड यायची ती त्याचीच जास्त. कोठारातला तो राडा त्यानंच उपसला. अताउल्लानं तीन-तीन मापांच्या आट्यांच्या तोट्या साठवून ठेवल्या होत्या, गंजलेल्या कड्या, कुणाला नको असलेले पाय, मेलेल्या मॉडेलांची झाकणं. त्या ढिगाऱ्यात कामाची वस्तू शोधताना माणसं दिवस घालवत. जमिनीवर पिवळे पट्टे आले आणि हातगाड्या एकमेकींवर आदळायच्या थांबल्या. कामगारांचे पगार तारखेला होऊ लागले, जे वडील गेल्यापासून कधी झालं नव्हतं. हे सगळं तिनं पाहिलं होतं. आपल्या भावाला, ह्या सख्ख्या भावाला, एक कोठार साफ करता आलं नाही, त्यासाठी बिनमोज्यांचा माणूस आणावा लागला, हा तिरस्कार तर कुणावर काढायचा तेही समजत नव्हतं. फक्त तो माणूस राडा उपसता उपसता थांबला नाही. पत्रा पातळ झाला. तोटी बाहेरून येऊ लागली, स्वस्त, चकचकीत. आणि वर्तमानपत्रं गेली.

वर्तमानपत्रं म्हणजे अशी गोष्ट होती: तयार झालेला प्रत्येक समोवार काठोकाठ पाण्यानं भरून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचा. सकाळी कारखाना उघडला की वडील ओळीतून चालत जायचे, एकेक समोवार उचलायचे आणि खालचा कागद बघायचे. कोरडा असेल तर बाहेर जायचा. भिजला असेल तर परत भट्टीकडे. लहानपणी ती त्यांच्या मागे मागे जायची. सकाळच्या उन्हात निकेलच्या त्या रांगा, आम्लाचा आणि थंड धातूचा तो वास, आणि वडील कागदावर बोट टेकवून म्हणायचे, "कोरडा." प्रत्येक समोवारपाशी एक शब्द. ती पुढच्याशी आधीच पळायची आणि ओरडायची, "कोरडा!" एवढा मोठा, आवाज न होणारा आनंद तिला पुढे लग्नातही मिळाला नव्हता, आणि नवरा गेल्यावर ज्या खोलीत ती परत येऊन बसली तिच्या खिडकीतून त्याच रांगा दिसायच्या. रादमननं सांगितलं की रात्रभर पाणी भरून ठेवणं म्हणजे माल रात्रभर अडकवणं. आता दहा-वीसातला एक उचलून हवेच्या दाबावर तपासतात. बाकीच्यांवर विश्वास ठेवतात. अनोळखी समोवारवर विश्वास, आणि ओळखीच्या बाईच्या नकारावर विश्वास. दोन्हीकडे खर्च वाचतो.

नवं मॉडेल तिनं बरेच दिवस खोक्यातच ठेवलं. मग एका सकाळी, काही करायला नाही म्हणून, बाहेर काढलं, घासलं, पाणी भरलं, खटका दाबला. दिसायला सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. पाणी लवकर उकळलं. पहिला पेला भरून तिनं तोटी बंद केली, साखरेचा खडा दातात धरला, आणि ऐकलं.

टप.

खाली पितळी तबक होतं. तिनं तोटी आवळली. टप. आणखी आवळली, हाताच्या शिरा वर येईपर्यंत. थोडा वेळ शांत. टप. तिनं चहा प्यायला, दुसऱ्या खोलीत गेली, कपाट आवरलं. टप. हा आवाज मोठा नव्हता. शेजारणीला ऐकू गेला नसता. पण तिला तो पोटातून ऐकू येत होता. तिनं फोनकडे पाहिलं. कामयारला सांगावं? "अम्मेजान, अरेरे, लगेच दुसरा पाठवतो!" म्हणेल, आणि त्या 'लगेच'मध्ये किती आठवडे असतात ते तिला माहीत होतं. शिवाय भाच्यानं दिलेल्या भेटीला नाव ठेवायचं? वडिलांच्या कारखान्याच्या समोवारला गळका म्हणायचं, आपल्या तोंडानं? ती तबकातलं पाणी रोज टोपलीतल्या फुलांना घालू लागली. फुलं तर केव्हाच वाळली होती. पाणी टोपलीच्या बांबूतून झिरपून गालिचावर डाग पडला. तोही तिनं पुसला नाही. संध्याकाळी भाऊ तब्येत विचारायला फोन करायचा, कान असून नसल्यासारखं बोलायचा, आणि ती म्हणायची, "छान आहे रे. अगदी छान. समोवारचा चहा म्हणजे काय सांगू!" तो म्हणायचा, "वा वा!" आणि फोन ठेवायचा. तिला वाटायचं, ऐक ना मेल्या. एवढा आशीर्वाद देतेय, ऐक ना.

मग एका दुपारी फोन वाजला आणि तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"सलाम, खानम तूरान वेजदानी का? मी समानेह बोलतेय, ग्राहक समाधान केंद्रातून. आपण आमचा समोवार घेतलात, त्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. वेळ आहे ना?"

'आमचा समोवार.' मुलीचा आवाज कोवळा होता, मागे तसल्याच चाळीस आवाजांचा गजबजाट. वेजदानी हे कारखान्याच्या मालकांचं नाव घेताना मुलीला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. तूरानखानम खुर्चीत ताठ बसली. आता बघूच, तिनं मनात म्हटलं; बघू ही कशी विचारते ते.

"एक ते पाचात किती समाधानी आहात, खानम?"

तिच्या तोंडात 'एक' होता. जिभेवर होता, साखरेच्या खड्यासारखा टणक. आणि तिला ऐकू आलं, "पाच, बाळ, पाच. बनवणाऱ्यांचे हात कधी दुखू नयेत." आवाज तिचाच होता. पण सूर हाजी मोईनचा होता, केरमानच्या त्या विधवेचा होता, दंडावर चिमटा असलेल्या सगळ्यांचा होता. तिला स्वतःची इतकी घृणा आली की तिनं रिसीव्हर कानापासून लांब धरला. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या आशीर्वादांतून गळका थेंब ऐकणारी बाई. आणि स्वतःची पाळी आली तर हिरव्या कुरणात आणखी एक गवताची काडी!

"वा! फार फार आभार, खानम. आणखी काही सांगायचंय?"

"नाही गं. सगळं उत्तम आहे."

आता ती फोन ठेवणार. पुढचं नाव घेणार, पाच लिहिणार, मग शांपू. तूरानखानम वाट बघत होती त्या खटक्याची. खटका झाला नाही.

"खानम..." मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "विचारू नये खरं तर. ते मागे टप टप काय वाजतंय?"

खोलीत टप झालं, आणि दोघींनीही ते ऐकलं.

"आमच्या घरी नळ असा गळतो ना," समानेह म्हणाली, "तर माझी आजी रात्रभर झोपत नाही. समोवार आहे का तो? खरं सांगा. तुम्ही पाच म्हणालात ते मी अजून लिहिलेलं नाही."

"का नाही लिहिलंस?"

"आजी असंच म्हणते, छान छान, आणि मग जेवत नाही."

किती तरी दिवसांनी तूरानखानमला हसू आलं. चेहऱ्यावर ते जरा दुखलंच. "एक लिही," ती म्हणाली. "तोटी गळते. बाहेरून आणलेली तोटी आहे, आटे आखूड आहेत, आणि पाणी भरून ठेवलं नव्हतं म्हणून कुणाला कळलं नाही. लिहिलंस?"

"थांबा, एक दाबल्यावर पुढचं पान उघडतं. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. कुणी एक देतच नाही ना." कळा वाजल्या. "हं. तक्रार कुणाकडे पाठवायची त्यांचं नाव येतं इथं आपोआप." मग मुलगी थांबली. "अगं बाई."

"काय झालं?"

"खानम, इथं लिहिलंय, गिऱ्हाइकांचं टेबल, जबाबदार व्यक्ती... तूरान वेजदानी. हे तर तुमचंच नाव झालं! तुमच्या नावाची दुसरी कुणी आहे का हो तिथं?"

रिसीव्हर तिच्या हातात जड झाला. कोरडा, असा शब्द कुठून तरी आला, सकाळच्या उन्हातून. तर त्यांनी नाव काढलंच नव्हतं. ठेवायचं म्हणून ठेवलं होतं असंही नाही. तेवढी माया कुणाला होती? तिथवर कधी कुणी येणारच नाही, सगळे पाचच म्हणणार, मग ते पान उघडून बघायचं कशाला? पिवळे पट्टे मारणाऱ्या, पुड्यांचा चहा पिणाऱ्या त्या सुधारक माणसानं सगळं कोठार झाडलं होतं आणि ही एक जागा झाडायची राहून गेली होती.

"आहे," ती म्हणाली. "एक आहे."

"मग त्यांना पाठवू ना ही तक्रार? त्या बघतील का? का आपलं नुसतं पडून राहायचं हे? खरं सांगा, त्या येतील का कामावर?"

मुलीला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. तिनं आपलं विचारलं होतं. पण विचारलं होतं.

"येतील," तूरानखानम म्हणाली. "आजच येतील, असं लिही. आणि तुझ्या आजीला सलाम सांग. काय त्रास आहे त्यांना?"

मुलीनं सांगितलं. गुडघे, मग सून, मग पुन्हा गुडघे. तूरानखानमनं सगळं ऐकून घेतलं. कुठंतरी एखादी तांबडी रेघ वर चढत असेल, चढू दे. मग तिनं फोन ठेवला, समोवारातलं उरलेलं पाणी वाळक्या ग्लॅडिओलसवर ओतलं, टोपली उचलून जिन्याबाहेर कचऱ्याशी नेऊन ठेवली. समोवार टेबलक्लॉथमध्ये बांधला. बांधताना तोटी नीट बाहेरच्या बाजूला ठेवली, दिसेल अशी. डोक्याला रुमाल बांधला, कपाटातून ऑफिसचे बूट काढले. आत मोजे तसेच गुंडाळून ठेवलेले होते. ते तिनं सावकाश चढवले.

रादमन दारातच भेटेल. हातात कागदी पेला, ओठांवर ते आदराचं हसू. काय म्हणेल तेही तिला ठाऊक होतं. म्हणेल, "पण खानम, तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"हो," ती म्हणेल. "दोनदाच."